बाथरूमच्या वाटेवरचा पिरॅमिड

गेल्या वर्षी गणपतीत आमचं सगळं घर दीड दिवस रांगत होतं, आणि घरात एकही तान्हं मूल नव्हतं.

रांगणाऱ्यांत माझा नवरा निखिल होता, पुण्याहून आलेले मोठे दीर श्रीकांतदादा होते (बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त, वजनाने अजूनही मॅनेजर), आमची पाचवीतली इरा होती आणि बिल्डिंगमधली निम्मी मराठी मंडळी होती. रांगत नव्हत्या त्या फक्त माझ्या सासूबाई, आणि मला धास्ती होती ती नेमकी त्यांचीच.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे दोष कुणाचा यावर नंतर वाद नको. मला स्वस्थ बसता येत नाही. टीव्ही बघतानासुद्धा मी उशांचे अभ्रे बदलत असते. आम्ही शारजात अल नहदाला राहतो आणि मी रोज हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत जाते. झुंबरापासून फ्रीजपर्यंत कुठली वस्तू कशा खोक्यात घातली म्हणजे फुटणार नाही, हे ठरवणं माझं काम. दिवसभर पुठ्ठा बघून डोकं भणभणलं की संध्याकाळी मी माया लोकांच्या प्राचीन शहरांचे व्हिडिओ बघते. जंगलातून वर आलेले पिरॅमिड, टोकावर देऊळ, चेंडू खेळायची मैदानं, खोल विहिरी. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडच्या पायऱ्यांवरून ठरावीक दिवशी सावलीचा साप खाली उतरतो, तो व्हिडिओ तर मी इतक्यांदा पाहिलाय की साप मला ओळखत असेल.

त्या सप्टेंबरात आम्ही तिथे जाणार होतो. रजा मंजूर होती, दोन दणकट ट्रॉली बॅगा घेऊन झाल्या होत्या. आणि आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला.

"आपली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. श्रीकांतच्या भाड्याच्या दोन खोल्यांत गणपती कुठे बसवू? यंदा तुमच्याकडे घेऊन येते." मग जरा थांबून म्हणाल्या, "रेवती, तुला जमेल ना?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मेक्सिको हुकलं म्हणून वाईट वाटलं आणि 'जमेल ना' ऐकून राग आला. आईंच्या लेखी मी म्हणजे 'पोरगी हुशार आहे, पण घाई फार'. हे त्या प्रेमाने म्हणतात, त्यामुळे भांडताही येत नाही. घरचा गणपती पुण्याबाहेर पहिल्यांदाच निघाला होता. तो असा बसवायचा, की पुढच्या वर्षी आईंनी आपणहून म्हणावं, 'गणपती रेवतीकडेच,' एवढं एकच माझ्या डोक्यात घुमत होतं. त्या रात्री मी तीन वेळा उठून हॉलची मापं घेतली.

"गणपतीला पिरॅमिड?" निखिल म्हणाला.

"माया लोकांचं देऊळच असतं ते. वर गाभारा, खाली पायऱ्या. जेजुरीला नाहीत पायऱ्या?"

"आईला काय सांगायचं?"

"सांगायचं कशाला? बघतील की."

"मम्मा, इट्स सो कूल," इरा म्हणाली, आणि दोनास एक मतांनी ठराव पास झाला.

ऑफिसातून नाकारलेला माल मी गाडीच्या टपावर बांधून आणला. साधा पुठ्ठा नव्हे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आतून जाळी असलेला जाड बोर्ड. आम्ही त्यात जनरेटर पाठवतो. खांद्याएवढ्या उंचीचा पिरॅमिड उभा राहिला. समोर पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला सापासारखी सरकणारी दिव्यांची माळ, वर चौकोनी देऊळ, पाठीला पुरुषभर उंच सपाट बोर्ड, बाजूला चेंडूचं मैदान आणि निळा कागद घातलेली परात ही विहीर. पिरॅमिड हॉलमध्ये मावला, पण हॉलमधलं बाकी काही मावेना. मग कपडे वाळत घालायचा स्टँड, इस्त्रीचा ढीग, रंगाचे डबे, उरलेले बोर्ड आणि त्या दोन ट्रॉली बॅगा, सगळं आमच्या बेडरूममध्ये कोंबून दार लावून घेतलं. ("आई, तुम्ही इराच्या खोलीत झोपा. आमच्या खोलीत रंगाचा वास आहे." वास खरंच होता.)

आदल्या दिवशी आई श्रीकांतदादांबरोबर आल्या. पेणची शाडूची मूर्ती विमानात पूर्ण वेळ मांडीवर धरून आल्या होत्या. त्यांनी पिरॅमिडकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

"मोठं आहे," त्या म्हणाल्या. एवढंच. ते कौतुक होतं का नव्हतं, याचा विचार करत मी मोदकाचं सारण जरा करपवलं.

सकाळी गुरुजी व्हिडिओ कॉलवर आले. ते पुण्यात बसून अख्खं आखात सांभाळतात; आमच्यामागे मस्कत होतं, मस्कतमागे कुवेत. निखिल सोवळं नेसून पाटावर बसला. हॉलमधला गोंधळ श्रीकांतदादांना सहन होईना, म्हणून ते इराच्या खोलीत जाऊन दार लावून अथर्वशीर्षाची आवर्तनं करायला बसले. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आई मूर्ती घेऊन पुढे आल्या आणि थबकल्या. बाल्कनीतून ऊन आत येत होतं.

"ही पूर्व ना, रेवती?"

"हो, आई."

"मग गणपतीचं तोंड कुठे होणार?"

मी मनात दिशा मोजल्या. परत मोजल्या. तोंड दक्षिणेला होणार होतं. माया लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सूर्याकडे बघून आपल्या देवळांच्या दिशा ठरवल्या. मी टीव्हीचा प्लग बघून ठरवली होती.

"पूर्वाभिमुख करून घ्या, ताई," मोबाइलमधून गुरुजी म्हणाले. "जरा पटकन. मस्कतवाले वेटिंगला आहेत."

"यल्ला, चल, उचल," मी निखिलला म्हटलं. मी, निखिल आणि इराने मिळून पिरॅमिड फिरवला. आता पायऱ्या बाल्कनीकडे, म्हणजे पूर्वेला आल्या. पाठ पश्चिमेला गेली, आणि पश्चिमेला आमच्या घरात आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज आहे. पॅसेजच्या तोंडाशी पिरॅमिडची पाठ अशी चपखल बसली, की मापं घेऊन केलं असतं तरी इतकं नेमकं झालं नसतं.

"पार चिकटला गं," निखिल म्हणाला.

"पूजा झाली की सरकवू."

हे वाक्य माझं. कुणावर ढकलण्यासारखं नाही.

पूजा झाली. गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा सांगितली, निखिलने मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावली, सगळ्यांनी अक्षता वाहिल्या आणि गुरुजी मस्कतला गेले. दिव्यांचा साप पायऱ्यांवरून सरसर उतरत होता. आईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि मनात म्हटलं, जमलं.

"श्रीकांतला बोलवा आरतीला," आई म्हणाल्या.

तेवढ्यात पिरॅमिडच्या आतून कुणीतरी टकटक केलं.

"निखिल? अरे, हे दार कुणी लावलं?"

"दादा, ते दार नाहीये," निखिल म्हणाला. "पिरॅमिड आहे."

पलीकडून दादांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत चाचपला. बँकेत कर्जाचा अर्जही दादा असाच तपासत असणार.

"म्हणजे मी आत अडकलोय."

"हो, दादा."

"असू दे. दोन्ही बाथरूम माझ्याच बाजूला आहेत," दादा सावकाश म्हणाले. खरं कोण अडकलंय, ते तेव्हा आम्हा बाहेरच्यांच्या लक्षात आलं.

मी पुढे झाले. "एवढंच ना, वीतभर सरकवते."

"हात लावू नकोस," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत नाही, खाली जातो. "प्रतिष्ठा झालीये. उत्तरपूजेपर्यंत गणपती जागचा हलवायचा नाही. पुण्यात एकदा घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा आम्ही पाण्यात उभं राहून आरती केली, पण देव हलवला नाही."

मी गुरुजींना फोन लावला. मस्कतमध्ये मंत्रपुष्पांजली चालू होती.

"वरून चढून येऊ का?" दादांनी विचारलं.

"अंकल, क्लाइम्बिंग इज नॉट अलाउड," इरा म्हणाली. "मेक्सिकोमध्ये पण बॅन आहे." ते खरंच आहे. शिवाय दादा गणपतीच्या डोक्यावरून येणार, ही कल्पना आईंच्या चेहऱ्याकडे बघूनच बाद झाली.

शेवटी आरती दादांनी आतूनच म्हटली. खर्जातला घुमता आवाज गाभाऱ्यातून आल्यासारखा येत होता. आणि आरती चालू असताना, टाळ्या वाजवता वाजवता, मला सुचलं. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडच्या पोटातही आणखी एक जुना पिरॅमिड आहे, आणि तिथपर्यंत जायला संशोधकांनी भुयार खणलं होतं.

"कटर कुठाय?" मी प्रसाद वाटायच्या आधीच विचारलं.

"तुझं कॅल्क्युलेशन बरोबर आहे ना?" निखिल कुजबुजला.

"दिशेचं चुकलं. वजनाचं माझं चुकत नाही."

आई गणपतीसमोर पाटावर बसल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. ते देवासाठी होतं की माझ्या कटरसाठी, मी विचारलं नाही. मी पायऱ्यांच्या बाजूने खालच्या टप्प्याला चौकोन कापला, आतले कप्पे एकेक मोकळे केले, भार घेणाऱ्या चार भिंती तेवढ्या तशाच ठेवल्या आणि पलीकडची बाजू कापली. समोर श्रीकांतदादांचा चेहरा आला. सोवळं नेसलेले दादा भुयारातून हॉलमध्ये येताना कुणी हसायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. इराने ते मोडलं. मग निखिलने. मग मी बाहेर पडणाऱ्या दादांना उभं करायला हात दिला आणि हसता हसता तो सोडला.

आई मात्र भुयारापाशी गेल्याच नाहीत. "वर देव बसलाय, त्याच्या खालून मी जाणार नाही," म्हणाल्या आणि समोरच्या फ्लॅटमध्ये फिलोमिनाकडे गेल्या. फिलोमिना वसईची, दुबईत एका हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. तिने आईंना बाथरूम दाखवलं, चहा दिला आणि सगळी हकीकत काढून घेतली. परत आल्यावर आई पाटावर बसून दूर्वांच्या जुड्या करत राहिल्या. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून नुसता नि:श्वास सोडला. मी दुपारभर भुयाराच्या कडा टेपने चिकटवत फिरत होते. बसले की त्यांची नजर टोचायची.

संध्याकाळी दर्शनाला लोक आले. पहिल्या आल्या साठेकाकू. त्यांना हात धुवायचे होते. मी ओशाळत म्हटलं, "काकू, जरा खालून जावं लागेल." काकूंनी भुयाराकडे पाहिलं, वर गणपतीकडे पाहिलं, पदर खोचला, भक्तिभावाने हात जोडले आणि आत शिरल्या. पालखीखालून जातात तशा.

पाच मिनिटांत बिल्डिंगच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज: 'रेवतीकडे गणपतीच्या खालून जाण्याची सोय आहे. फार प्रसन्न वाटतं.'

त्यानंतर जी रांग लागली ती लिफ्टपर्यंत! मुलं तर एकदा गेली की मागच्या मागे परत यायला बघत. "भुयारात इच्छा बोलायची की बाहेर आल्यावर?" असं एका गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, मधोमध. फिलोमिनाने रिसेप्शनचा आवाज काढला आणि ताबा घेतला. "यल्ला, एक एक करके. अंकल, चष्मा खिशात ठेवा. मॅडम, साडी सांभाळा."

पलीकडे, पॅसेजमध्ये, श्रीकांतदादांनी आघाडी सांभाळली होती. सकाळी झालेला अपमान त्यांनी गाइड होऊन धुऊन काढायचं ठरवलं असावं. माया संस्कृतीबद्दल त्यांना जी काही माहिती होती ती सकाळी इराने सांगितलेली. पण माणसं आत येत होती आणि पॅसेजमध्ये बघायला काही नव्हतं. म्हणून दादांनी आमच्या बेडरूमचं दार उघडलं.

मी भुयारातून धावले. (रांगत धावता येतं. गरज पडली की येतं.)

"आणि हा शहराचा आतला भाग," दादा सांगत होते. त्यांच्यामागे सहा-सात माणसं आदराने उभी. "इथे वस्त्रं वाळवत. हे रंगाचे डबे, भित्तिचित्रांसाठी. हा जो ढीग दिसतो तो..." दादा माझ्या इस्त्रीच्या कपड्यांपाशी अडखळले. "यावर संशोधन चालू आहे."

"कधी सोडून गेले हे लोक?" कुणीतरी विचारलं. खोली तशी दिसत होती खरी.

मी दार लावलं आणि परत हॉलमध्ये आले, तर जे व्हायला नको ते झालेलं. लोकांच्या येण्याजाण्याने बाहेरचं दार सताड उघडं होतं. सप्टेंबरातली शारजाची संध्याकाळ म्हणजे हवेत पाणीच. ती सगळी दमट हवा आत आली होती आणि एसी बिचारा नुसता घरघरत होता. पुठ्ठ्याला उन्हाची भीती नसते, ओलीची असते. हे मी दर महिन्याला नव्या मुलांना शिकवते. मी पिरॅमिडचा खालचा टप्पा अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा आत गेला.

वर गणपती शांतपणे हसत होता. मूर्ती डोळ्यांत न येण्याइतकी पुढे कलली होती. ते फक्त मला दिसलं. आणि आईंना.

"रेवती," आई इतकंच म्हणाल्या.

मेक्सिको गेलं तर गेलं, गणपती पडला तर मी या घरात तोंड कुठे दाखवणार होते? आणि तोंडाचंही राहू दे, मला तो गणपती आता माझा वाटायला लागला होता.

"फिलो, दार बंद! निखिल, एसी सोळावर. सगळ्यांनी भुयाराबाहेर." माणसं भराभर मागे सरली. आतमध्ये टेकू द्यायला काहीतरी हवं होतं. न वाकणारं, नेमक्या उंचीचं. मी परत रांगत बेडरूममध्ये गेले, मेक्सिकोसाठी घेतलेल्या दोन ट्रॉली बॅगा ओढत आणल्या, इस्त्रीच्या ढिगाने गच्च भरल्या आणि गणपतीच्या बरोबर खाली, दोन्ही अंगांना, आडव्या सरकवल्या. निखिल बाहेर गुडघ्यावर बसून मूर्ती बघत होता. "थोडं अजून. अजून. खलास, बस." पिरॅमिड कुरकुरला आणि थांबला. गणपती सरळ झाला. जागचा हलला नव्हता.

मी आतच पडून राहिले. दिवसभरात पहिल्यांदा स्वस्थ. त्या बॅगा एकदाच्या माया देवळापर्यंत पोचल्या होत्या, आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिथे, बॅगांच्या मधोमध, थोडी रडले.

नंतरचं सगळं दर्शन सोळा डिग्रीत झालं. लोक शाली पांघरून आरती म्हणत होते. भुयार बॅगांमुळे अरुंद झालं, तरी लोक जायचे थांबले नाहीत. दादा मात्र दोन्ही कुशींना घासत जात. रात्री आई हॉलमध्येच, गणपतीसमोर सतरंजी टाकून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी परत मोबाइलवर आले (या वेळी मागे बहारीन होतं). उत्तरपूजा झाली, दहीपोहे झाले, निखिलने मूर्ती उचलून पाटावर घेतली. विसर्जनाची बादली बाल्कनीत तयार होती. दादा आणि निखिल पिरॅमिडला हात घालून उभे राहिले. "चला, रस्ता मोकळा करू."

"थांबा," आई म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, चष्मा माझ्या हातात दिला आणि गुडघ्यांवर बसल्या.

"आई, अहो, आता गरज नाही. आम्ही सरकवतोच आहोत."

"काल वर देव होता म्हणून गेले नाही," आई म्हणाल्या. "आता कुठे आहे?"

आणि सासूबाई भुयारात शिरल्या. आम्ही सगळे वाकून बघत होतो. मधोमध त्या थांबल्या, बॅगांवर हात फिरवला, आणि हळूहळू पलीकडे गेल्या. उभ्या राहिल्याचा आवाज आला. मग आमच्या बेडरूमचं दार उघडल्याचा आवाज आला. मग रंगाचा डबा सरकल्याचा आवाज आला. मी ते दार फक्त लोटलं होतं.

"रेवती."

"हो, आई."

"पुढच्या वर्षी भुयार जरा रुंद कर. श्रीकांत घासतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि ही खोली अशीच ठेव. बघायला येतील लोक."

निखिल माझ्याकडे बघून हसला. मी तोंड फिरवलं, कारण माझा चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

मेक्सिको अजून राहिलंय. यंदा तारखा बघायला बसले, तर गणपती नेमका मध्ये येतोय, आणि आता तो कायमचा माझ्याकडे आहे. हरकत नाही. व्हिडिओ आहेतच. त्यातले मोठमोठे विद्वान म्हणतात, की इतकी देखणी शहरं बांधून माया लोक ती सोडून का निघून गेले, यावर अजून एकमत नाही. मला विचारा ना. त्यांच्यातही एक बाई असणार, जिला स्वस्थ बसवत नव्हतं. आणि तिने देऊळ बांधलं असणार बाथरूमच्या वाटेवर.